पेशी कोणी शिकवायची?

वैद्यकीय महाविद्यालयांत ‘बिगरवैद्यकीय’ अध्यापकांना किती जागा असाव्यात, हा वाद वरकरणी टक्केवारीचा आहे. प्रत्यक्षात तो एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कोण घडवणार आणि कोण सावरणार, याचा आहे.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रात दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले. मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलढाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ ही त्यांची ठिकाणे. गडचिरोली वा हिंगोलीसारख्या जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय येणे ही आनंदाचीच गोष्ट होय. इमारती, खाटा आणि यंत्रसामग्री यांची चर्चा अशा प्रसंगी होते आणि ती योग्यही आहे. परंतु या महाविद्यालयांत दाखल होणारा विद्यार्थी पहिले वर्षभर जे शिकणार, ते शिकवायला माणसे कोठून येणार, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र आणि जीवरसायनशास्त्र हे तीन मुख्य विषय असतात. तिन्हींचा पाया एकच, तो म्हणजे पेशी. सूक्ष्मदर्शकाखालची ऊती, पेशीच्या पटलातून होणारी क्षारांची ये-जा, पेशीतील प्रथिनांची घडण हे सारे एकाच अभ्यासाचे तुकडे आहेत. हा अभ्यास ज्याने आयुष्यभर केला आहे, पण ज्याच्या हाती एमबीबीएसची पदवी नाही, अशा पेशीशास्त्रज्ञाला वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक म्हणून स्थान असावे की नाही? गेल्या काही वर्षांत आपल्या नियामक यंत्रणेने या प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे दिली आहेत.

नियमांचा हिंदोळा

भारतीय वैद्यक परिषदेच्या १९९८ च्या नियमांनुसार शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांत ३० टक्क्यांपर्यंत, तर जीवरसायनशास्त्रात ५० टक्क्यांपर्यंत पदे एम.एस्सी. वा पीएच.डी. झालेल्या बिगरवैद्यकीय अध्यापकांना देता येत. त्यासाठी वैद्यकीय महाविद्यालयांतच साधारणपणे तीन वर्षांचा वैद्यकीय एम.एस्सी. अभ्यासक्रम चालतो. हे विद्यार्थी त्याच शवविच्छेदन कक्षात आणि त्याच प्रयोगशाळांत शिकतात. पुढे त्यांनी शिकवावे, हाच या अभ्यासक्रमाचा प्रमुख हेतू होता.

सप्टेंबर २०२० मध्ये परिषदेची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली. पुढच्याच महिन्यात आलेल्या नव्या निकषांनी पहिल्या वर्षाच्या तीन विषयांतील ही मर्यादा १५ टक्क्यांवर आणली आणि औषधशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राची दारे बंद केली. तीन वर्षे शिकून बाहेर पडणाऱ्या तरुणांना एका अधिसूचनेने सांगितले, की ज्या नोकरीसाठी तुम्ही शिकलात ती आता तुमच्यासाठी नाही. त्यानंतर २०२५ च्या जुलैमध्ये आयोगानेच नवे नियम आणले आणि औषधशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्रातील बिगरवैद्यकीय अध्यापकांना पुन्हा पात्र ठरवले.

पाच वर्षांत एकच दार बंद झाले आणि उघडले. दोन्ही वेळा कारण शिक्षणशास्त्रीय असण्यापेक्षा मनुष्यबळाच्या हिशेबाचे अधिक होते. वैद्यकीय पदव्युत्तर पदवीधर पुरेसे आहेत असे वाटले, तेव्हा दार बंद झाले. महाविद्यालये वाढली आणि माणसे कमी पडू लागली, तेव्हा ते उघडले. विद्यार्थ्याला काय हवे, हा मुद्दा दोन्ही वेळा दुय्यमच राहिला.

विळ्याच्या आकाराची पेशी

पेशीशास्त्रज्ञाची वैद्यकाला गरज काय, हे समजण्यासाठी दूर जायला नको. गडचिरोली, नंदुरबार आणि विदर्भाचा मोठा भाग सिकलसेल आजाराशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजतो आहे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याचे उद्दिष्ट २०४७ पर्यंतचे आहे. या आजारात तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिनचे रेणू प्राणवायू कमी पडताच एकमेकांना चिकटून लांब धागे होतात आणि गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यातून असह्य वेदना, रक्तक्षय आणि अवयवांची हानी होते.

हे ज्ञान आले कोठून? विळ्याच्या आकाराच्या पेशी १९१० मध्ये जेम्स हेरिक या शिकागोच्या डॉक्टरांनी शोधनिबंधातून मांडल्या. दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, हे १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांच्या गटाने दाखवले. पॉलिंग रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या गटातील हार्वे इटानो यांच्याकडे मात्र वैद्यकीय पदवी होती. संपूर्ण प्रथिनात केवळ एकच अमिनो आम्ल बदललेले आहे, हे १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम या जीवरसायनशास्त्रज्ञाने शोधले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सिकलसेलसाठी जनुकसंपादनावर आधारित उपचाराला मान्यता दिली. त्यामागील ‘क्रिस्पर’ तंत्रासाठी २०२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एमान्युएल शार्पान्तिए आणि जेनिफर डाउडना यांच्यापैकी कोणीही डॉक्टर नाही.

हेरिक यांच्याशिवाय आजार नजरेस आला नसता, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की पॉलिंग आणि इन्ग्रॅम यांच्याशिवाय त्याचे कारण उमगले नसते. गडचिरोलीच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी बसलेल्या मुलीला या दोन्ही नजरा मिळायला हव्यात. कारण पाच-सहा वर्षांनी तिच्यासमोर हाच रुग्ण येणार आहे.

परंपरा दोघांची

पेशीशास्त्राचा इतिहास अशा जोडकामाचाच आहे. १९४५ मध्ये अखंड पेशीचे पहिले इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकी छायाचित्र प्रसिद्ध झाले. ते टिपणाऱ्यांत अल्बर्ट क्लोद हे डॉक्टर होते, तर कीथ पोर्टर हे जीवशास्त्रातील पीएच.डी. होते. १९७४ चे नोबेल क्लोद, जॉर्ज पॅलाडे आणि क्रिस्तियाँ द दूव यांना मिळाले. तिघेही वैद्यक शिकलेले होते, पण तिघांनी आयुष्य प्रयोगशाळेत घालवले. पॅलाडे १९७३ मध्ये येल विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात पेशीशास्त्राचा विभाग उभारण्यासाठी गेले. वैद्यकीय विद्यालयाला पेशीशास्त्राचा स्वतंत्र विभाग हवा, हे तेथे अर्धशतकापूर्वीच मान्य झाले होते.

पेशीशास्त्र म्हटले की जगभरच्या विद्यार्थ्यांपुढे येणारा ‘मॉलिक्युलर बायॉलॉजी ऑफ द सेल’ हा ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. त्याचे पहिले लेखक ब्रूस अल्बर्ट्स हे पीएच.डी. शास्त्रज्ञ. १९७६ पासून ते सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापक होते आणि हे विद्यापीठ केवळ आरोग्यशास्त्रांचे आहे. त्यांचे सहलेखक मार्टिन रॅफ यांनी मात्र आधी डॉक्टरकी केली आणि मग ते जीवशास्त्राकडे वळले. एकाच पुस्तकावर ही दोन नावे आहेत आणि वाचताना कोणते प्रकरण डॉक्टरचे व कोणते शास्त्रज्ञाचे, असा विचार कोणी करत नाही. हेच अल्बर्ट्स पुढे १९९३ ते २००५ अशी बारा वर्षे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे अध्यक्ष होते आणि त्या काळात त्यांनी विज्ञानशिक्षणाचा आग्रह सातत्याने धरला. संशोधनाइतकीच शिकवण्यालाही प्रतिष्ठा असते, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखवून दिले.

आपल्याकडेही हे उदाहरण आहे आणि ते पुण्याचे आहे. कमल रणदिवे यांचा जन्म १९१७ चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. पण कमलताईंनी पेशीशास्त्राची वाट धरली. विवाहानंतर त्या मुंबईला आल्या आणि डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये पीएच.डी. झाल्या. खानोलकर डॉक्टर, विकृतिशास्त्रज्ञ. शिष्या डॉक्टर नव्हे. पुढे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन शिकून त्या परतल्या आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग आणि कुष्ठरोगाचे जंतू यांवर त्यांनी काम केले. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. एमबीबीएस नसलेल्या व्यक्तीचे वैद्यकात काय काम, असे खानोलकरांना वाटले असते, तर ही परंपरा तेथेच खुंटली असती.

विरोधकांचे म्हणणे

वैद्यकीय पदवीधर अध्यापकांच्या संघटनांचा याला विरोध आहे आणि त्यांचे म्हणणे हेटाळण्याजोगे नाही. त्यांच्या मते ज्याने रुग्ण तपासलाच नाही, तो शरीररचना शिकवताना केवळ नावे शिकवतो. खांद्याच्या सांध्याची रचना आणि निखळलेला खांदा यांचा संबंध त्याला सांगता येत नाही. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधारित अभ्यासक्रमाने तर पहिल्याच वर्षी विद्यार्थ्याला रुग्णाजवळ नेण्याचा आग्रह धरला आहे. शिवाय एम.डी. झालेल्या डॉक्टरांना नोकऱ्या मिळत नसताना पदे इतरांना का द्यावीत, असाही त्यांचा सवाल आहे.

पहिला मुद्दा खरा आहे. म्हणूनच कोणताही विभाग केवळ बिगरवैद्यकीय अध्यापकांवर चालू नये. परंतु त्याची दुसरी बाजूही पाहायला हवी. या विषयांत एम.डी. करणारे डॉक्टर आवडीने येतात काय? सप्टेंबर २०२३ मध्ये पदव्युत्तर प्रवेशासाठीची ‘नीट’ची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणावी लागली. रिकाम्या जागा भरण्यासाठी हा उपाय होता आणि त्या जागांत शरीररचना, जीवरसायन यांसारख्या विषयांच्या जागांचा वाटा मोठा असतो, हे प्रवेशप्रक्रिया पाहणारा प्रत्येक जण जाणतो. ज्यांना दुसरे काही मिळाले नाही म्हणून या विषयात यावे लागते, त्यांच्यापैकी काही जण उत्तम शिक्षक होतात. पण काहींचे लक्ष पुढील वर्षीच्या परीक्षेकडेच असते. उलट, पेशीशास्त्र हाच ज्याचा ध्यास आहे, तो तीस वर्षे त्याच प्रयोगशाळेत राहतो. त्याला दवाखान्याची ओढ नसते. ही त्याची उणीव मानली जाते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र ती मोठी सोय ठरू शकते.

वैद्यकीय शिक्षणाला आजचे रूप देणारा १९१० चा सुप्रसिद्ध फ्लेक्सनर अहवाल पाहावा. पूर्णवेळ अध्यापकांनी प्रयोगशाळेत मूलभूत विज्ञान शिकवावे, हा त्याचा आग्रह होता. आणि अमेरिका व कॅनडातील १५५ वैद्यकीय विद्यालये पाहून हा अहवाल लिहिणारे अब्राहम फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते. ते शाळाशिक्षक होते.

वर्ग सुटल्यानंतरचे काम

आतापर्यंत ज्ञानाची बाजू पाहिली. पण अध्यापकाचे काम व्याख्यानापाशी संपत नाही. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी कसा असतो, हे एकदा नीट पाहायला हवे. दोन वर्षे शिकवणीवर्गात बहुपर्यायी प्रश्न सोडवून तो येथवर आलेला असतो. शाळेत, गावात तो पहिला असतो. येथे त्याच्यासारखे शंभर असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेल्या मुलासमोर एकाएकी जाडजूड इंग्रजी ग्रंथ येतात. ऊतीशास्त्राच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला सूक्ष्मदर्शकातून त्याला गुलाबी-जांभळ्या ठिपक्यांखेरीज काही दिसत नाही. शेजारच्याला सारे दिसते आहे, असे मात्र वाटत राहते. शेजाऱ्यालाही तसेच वाटत असते.

या घडीला जवळ येऊन ‘आधी केंद्रक शोध, मग कडा पाहा’ असे सांगणारा माणूस लागतो. तो माणूस दुपारी प्रयोगशाळेत सापडावा लागतो. चाचणीत नापास झालेल्या मुलाला बोलावून ‘कोठे अडते?’ असे विचारायला त्याच्याकडे वेळ असावा लागतो. २०२३ च्या नियमांनी पहिल्या वर्षाचा कालावधी बारा महिन्यांवर आणला आहे आणि ते उत्तीर्ण होण्यासाठी विद्यार्थ्याला चारच संधी मिळतात. म्हणजे मागे पडलेल्याला सावरायला अवधी थोडा आणि चुकीची किंमत मोठी, अशी ही स्थिती आहे.

ही किंमत केवळ गुणांची नाही. आयोगाने नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयीचा अहवाल २०२४ मध्ये दिला. ऑनलाइन पाहणीत उत्तरे देणाऱ्या २५ हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची समस्या असल्याचे नोंदवले. १६.२ टक्क्यांनी स्वतःला इजा करण्याचे वा आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगितले. ऐच्छिक पाहणीचे आकडे जपून वाचावे लागतात, हे मान्य. पण ते निम्मे धरले, तरी अस्वस्थ करणारे आहेत. समुपदेशक हवेतच, मानसोपचार विभागही हवाच. तथापि अडचणीतला विद्यार्थी समुपदेशकाकडे जाण्याआधी वर्गात गैरहजर राहू लागतो, प्रात्यक्षिकाची वही अपुरी ठेवतो. हे सर्वप्रथम दिसते ते रोज भेटणाऱ्या शिक्षकाला. अनेक महाविद्यालयांत प्रत्येक अध्यापकाकडे काही विद्यार्थी ‘मार्गदर्शक’ म्हणून सोपवले जातात. बहुतेक ठिकाणी ते एका नोंदवहीपुरते उरते. पाश्चात्त्य देशांतील अनेक वैद्यकीय विद्यालयांत मूलभूत विज्ञान शिकवणारे पीएच.डी. अध्यापकच विद्यार्थी-साहाय्याची धुरा वाहतात. पहिल्या दोन वर्षांत विद्यार्थ्यांशी सर्वाधिक संबंध त्यांचाच येतो, हे त्याचे साधे कारण.

आपल्या पद्धतीत या कामाला मोल नाही. अध्यापकाची बढती ठरते ती प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधांच्या संख्येवर आणि सेवेच्या वर्षांवर. किती मुलांना सावरले, याचा रकाना कोणत्याही अर्जात नसतो. बिगरवैद्यकीय अध्यापकाच्या बाबतीत तर पद टिकेल की नाही, याचीच शाश्वती नाही. ज्याचे स्वतःचे भवितव्य पुढच्या अधिसूचनेवर लटकलेले आहे, त्याने विद्यार्थ्याला धीर द्यावा, ही अपेक्षा क्रूर आहे. कातालिन कारिको यांचे उदाहरण येथे आठवते. त्या जीवरसायनशास्त्रज्ञ, पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयात १९९५ मध्ये त्यांची पदावनती झाली. त्याच संस्थेतील ड्रू वाइसमन या डॉक्टरबरोबर त्यांनी केलेल्या कामातून कोविडच्या एम-आरएनए लशींचा मार्ग मोकळा झाला आणि २०२३ चे नोबेल दोघांना मिळाले. प्रत्येक उपेक्षित अध्यापक कारिको नसतो. परंतु पदवीच्या आणि अनुदानाच्या फूटपट्टीने माणसे मोजताना संस्था काय गमावू शकतात, हे यावरून कळावे.

टक्केवारीपलीकडे

देशात २०१४ मध्ये ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती आणि एमबीबीएसच्या ५१ हजार ३४८ जागा. २०२४-२५ मध्ये महाविद्यालये ७८० झाली आणि जागा सुमारे १ लाख १८ हजारांवर गेल्या. दहा वर्षांत विद्यार्थी दुपटीहून अधिक झाले. शिक्षक मात्र जाहिरात देऊन दुप्पट होत नाहीत. ते घडवावे लागतात आणि त्याला दशक लागते. निरीक्षणाच्या दिवसापुरते हजर राहणारे कागदी अध्यापक ही या घाईचीच निष्पत्ती होय. कागदावरचा एम.डी. आणि प्रयोगशाळेतला एम.एस्सी. यांत विद्यार्थ्याच्या उपयोगाचा कोण, याचे उत्तर अवघड नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. एक, बिगरवैद्यकीय अध्यापकांविषयीचे धोरण किमान दहा वर्षांसाठी स्थिर असावे आणि चालू अभ्यासक्रमात प्रवेश घेतलेल्यांना नव्या नियमांची झळ बसू नये. दोन, पहिल्या वर्षाचे विषय डॉक्टर आणि शास्त्रज्ञ यांनी जोडीने शिकवावेत. सिकलसेलचा पाठ असेल, तर पेशी शास्त्रज्ञाने दाखवावी आणि त्याच आठवड्यात रुग्ण डॉक्टरने दाखवावा. क्षमताधारित अभ्यासक्रमाला अपेक्षित असलेला समन्वय याहून वेगळा नाही. तीन, विद्यार्थी-साहाय्याचे काम अध्यापकाच्या कार्यभारात तासांनिशी मोजले जावे आणि बढतीत त्याला गुण असावेत. नाशिकच्या आरोग्यविज्ञान विद्यापीठाने आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने मनावर घेतले, तर तिसऱ्या गोष्टीला दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. नव्या दहा महाविद्यालयांपासून तिची सुरुवात करता येईल.

शिकवणाऱ्याच्या नावामागे कोणती अक्षरे आहेत, हा प्रश्न निरर्थक नाही. पण तो पहिला प्रश्नही नाही. त्याला विषय येतो का, तो रोज येतो का आणि अडलेल्या विद्यार्थ्यासाठी थांबतो का, हे आधी विचारले पाहिजे. या तीन कसोट्यांवर उतरणारा पेशीशास्त्रज्ञ नियमाच्या एका ओळीने आपण घालवत असू, तर त्याची भरपाई उद्या त्या विद्यार्थ्यांसमोर बसणाऱ्या रुग्णांनाच करावी लागेल.